इंचांचा नाद, आणि माझी एकावन्न इंची घोडी

घोडनदीकर
एक प्रश्न विचारायचा म्हणून बसले आणि लक्षात आलं, की तो नीट विचारायचा तर मागची चाळीस वर्षं सांगायला लागतील. तेव्हा चहा घेऊन बसा.

आमचं गाव शिरूर तालुक्यात. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. नदीचं नाव घोड, पुढे ती भीमेला मिळते. त्यामुळे मला घोड्याचं वेड का, असं कुणी विचारलं की मी पत्ता सांगते.

बाजरी निघाली की वडील दरवर्षी धनगरांच्या मेंढ्या रानात बसवायचे. एका रात्रीला ठरलेलं धान्य द्यायचं, रानाला लेंड्यांचं खत मिळायचं. पुरुषमाणसं मेंढ्यांबरोबर पुढे गेलेली असायची. मागून बायका घोड्यांवर बिऱ्हाड घेऊन यायच्या. एका तट्टावर काय काय असायचं ते मला अजून पाठ आहे: उलटी बांधलेली बाज, वाघर (रात्री मेंढ्या कोंडायची जाळी), पिठाची पिशवी, तवा, वर दोन कोंबड्या पाय बांधून, आणि खोळीतून तोंड काढलेलं चार दिवसांचं कोकरू. मी सहा वर्षांची असताना एका मावशींनी बाज उतरवून मला वर बसवलं. ना खोगीर, ना रिकीब. घोडीची पाठ गरम होती आणि कातडी माश्यांनी थरथरायची, ती थरथर माझ्या मांड्यांना कळायची. पन्नाशी उलटली तरी ती आठवण गेलेली नाही.

पुढे शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, आणि २००४ साली पहिली घोडी घेतली. नवरा म्हणाला, "म्हैस घे, दूध तरी देईल." म्हैस होतीच आमच्याकडे. ही म्हैस पुढे गोष्टीत येणार आहे.

ती पहिली घोडी सोनी. कुमैत रंग, उंची एकावन्न इंच. धनगरांच्या एका वाड्यावरून (म्हणजे फिरत्या तळावरून) अगदी स्वस्तात मिळाली, कारण तिच्या कपाळावरची गोम, म्हणजे केसांचा भोवरा, वाईट आहे असं म्हणून बाजारातलं गिऱ्हाईक दोनदा परत गेलं होतं. गोम वाईट म्हणजे काय, तर मालकाला खाते. मला काही खाल्लं नाही तिने. हरभरे मात्र भरपूर खाल्ले.

आणि मग मला इंचांचा नाद लागला. घोड्याच्या बाजारात उभं राहून बघा, कानावर फक्त आकडे पडतात. बासष्ट, त्रेसष्ट, पासष्ट. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा सोनीची उंची सांगायची लाज वाटली. कुणी विचारलं तर मी "लहान आहे अजून" म्हणायचे. ती नऊ वर्षांची होती!

म्हणून २००६ ला तिला त्रेसष्ट इंची मारवाडी घोडा लावला. अकरा महिन्यांनी रात्री पोट दुखायला लागलं, पाणी फुटलं. एक पाय दिसला. आम्ही वाट बघत बसलो. शिंगरू मेलेलं आलं. काळं, कान आत वळलेले, अगदी हवं होतं तसं. बाप एवढा मोठा आणि आई एवढीशी, तिला ते पेललं नाही, हे माझं मला उमगलं आणि ते आजवर काट्यासारखं आहे.

नंतर २००९ ला तिला एक मिश्र नर झाला, गुलाब. सत्तावन्न इंच, खच्ची केलेला, आजही माझ्या बसण्यातला. मग मारवाडी घोडी घेतली, तिची दोन शिंगरं विकली. त्यातली एक पुढे वरातीत नाचायला गेली. एका लग्नात मला ती दिसली. डोक्यावर तुरा, शेजारी जनरेटर, समोर भिंतीएवढे स्पीकर, आणि ती मागचे पाय आलटून पालटून उचलतेय. लोकांना वाटत होतं नाचतेय. मी न जेवता घरी आले. त्या दिवशी पैदास बंद केली.

२०२० ला एका ओळखीच्या मेंढपाळाने मेंढरं विकली, तेव्हा त्याची घोडी मी घेतली. ठुमकी. परत एकावन्न इंच! आता आठ वर्षांची आहे, कधी व्यालेली नाही. आणि मध्यंतरी आपल्या भीमथडी घोड्याला, म्हणजे धनगरांच्या याच तट्टाला, देशातली घोड्यांची आठवी जात म्हणून जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोकडून मान्यता मिळाली. ज्या उंचीची मला लाज वाटायची तीच आता जातीची खूण!

तर प्रश्न असा. ठुमकीला एकदा शुद्ध भीमथडी घोडा लावावा असं फार वाटतंय. असा घोडा कुठे मिळेल? आणि या वयात, पहिलटकरणीच्या बाबतीत, हे करावं का?

खवचट_खानावळ
सुंदर लिहिलंय. पण महिन्याला एका घोड्याला किती लागतात ते सांगा म्हणजे माझ्या घरी हा धागा दाखवता येईल की नाही ते ठरवतो.

घोडनदीकर
दाखवू नका. शेत स्वतःचं आहे म्हणून आम्हाला परवडतं. कडबा घरचा, लसूणघास दोन गुंठे घोड्यांसाठीच राखलेला. विकत लागतो तो हरभऱ्याचा भरडा, मीठ आणि औषधं. ठुमकीला नाल मारत नाही, खूर दगडासारखे आहेत, दीड-दोन महिन्यांनी तासून घेतले की झालं. गुलाबला नाल लागतात. आणि नालबंद मिळणं हाच मोठा खर्च आहे, कारण त्याला आणायला मीच गाडी घेऊन जाते.

शब्दकुतूहल
अवांतराबद्दल माफी. मराठीत घोडं किती ठिकाणी दडलंय बघा. घोडं पेंड खातं, वरातीमागून येतं, गंगेत न्हातं. खोगीरभरती होते. आणि 'भाडोत्री तट्टू' म्हणून आपण याच गरीब जातीला शिवी करून ठेवली. शिवकाळात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. म्हणजे पाणी आणि खूर, या दोन गोष्टींची सोय आधी, स्वार नंतर. ताई गाडी घेऊन नालबंदाला आणतात ते परंपरेला धरूनच आहे.

खुरांचा_डॉक्टर
ताई, मी पशुवैद्य आहे. बरीच वर्षं घोड्यांचं काम करतो. तुमच्या २००६ च्या शिंगराबद्दल आधी बोलतो, कारण तुम्ही चुकीचा काटा जपून ठेवलाय.

बाप मोठा म्हणून शिंगरू अडलं, हे बहुतेक करून खरं नाही. १९३८ साली केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी नेमकं हेच तपासलं होतं. एकीकडे अवजड शायर घोडे, दुसरीकडे बुटके शेटलंड. कृत्रिम रेतन करून दोन्ही बाजूंनी संकर केला. शेटलंड आईच्या पोटी शायरचं शिंगरू आलं ते जन्मताना शेटलंडच्याच मापाचं होतं. गर्भ किती वाढायचा हे आईचं गर्भाशय ठरवतं. उंची येते ती बाहेर आल्यावर.

घोडीत अडतं ते बहुधा पायांमुळे आणि मानेमुळे. शिंगराचे पाय नको तितके लांब. नीट असेल तर पुढचे दोन खूर दिसतात, एक थोडा पुढे, आणि त्यांच्यावर नाक. तुम्ही लिहिलंय, "एक पाय दिसला." दुसरा मागे मुडपलेला असणार.

किती वेळ वाट पाहिलीत?

घोडनदीकर
दीड-दोन तास.

म्हशीला तेवढा लागतो ना. सासूबाई म्हणाल्या, "हात लावू नका, आपोआप होईल." आयुष्यभर म्हशी सोडवलेल्या बाई त्या. मीही तेच म्हटलं.

खुरांचा_डॉक्टर
तिथेच गेलं ते. गाई-म्हशींची वार (नाळ जिला जोडलेली असते ती) गर्भाशयाला ठिकठिकाणी बोंडांनी धरलेली असते. कळा चालू असताना वासराला बराच वेळ आईकडून प्राणवायू मिळत राहतो. घोडीची वार सगळीकडून पातळ चिकटलेली असते आणि कळा सुरू झाल्या की भराभर सुटते. पाणी फुटल्यापासून वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर हवं. दहा मिनिटांत दोन खूर आणि नाक दिसलं नाही तर त्याच क्षणी फोन, आणि डॉक्टर येईपर्यंत घोडीला उठवून चालवत ठेवायचं, म्हणजे ती जोर कमी लावते.

सासूबाईंना दोष देऊ नका. गावोगाव हेच होतं. घोडं म्हणजे म्हशीसारखंच एक जनावर, या हिशोबाने मी दर वर्षी एक-दोन मेलेली शिंगरं काढतो.

आता ठुमकीचं. आठ वर्षं वय मोठं नाही, अंग भरलेलं असेल तर बिनधास्त करा. घोडी दिवस मोठे व्हायला लागले की नीट माजावर येते, थंडीत भरवसा नसतो. माज पाच-सात दिवस टिकतो, बीज सुटतं शेवटच्या एक-दोन दिवसांत, म्हणून पहिल्याच दिवशी घोडा लावून निश्चिंत होऊ नका. पंधराव्या-सोळाव्या दिवशी सोनोग्राफी कराच. गाभण आहे का हे कळतंच, पण जुळं आहे का तेही कळतं. घोडीला जुळं पेलत नाही. त्या दिवसांत लक्षात आलं तर एक थांबवता येतं.

घोडनदीकर
डॉक्टर, एकोणीस वर्षं मी उंचीला शिव्या घालत होते.

आज सासूबाईंना सांगितलं नाही. नव्वदीच्या आहेत. गुलाबला रोज एक गुळाचा खडा त्यांच्याच हातून मिळतो.

एल्बेकाठी
हॅम्बुर्गजवळून नमस्कार. मूळची बार्शीची. मी इथे आठ वर्षं आइसलँडिक घोड्यांवर बसते, आणि उंचीबद्दल वाचून लिहिल्यावाचून राहवेना. हे घोडे फार तर ठुमकीपेक्षा दोन-चार इंच जास्त. पण त्यांना पोनी म्हणून बघा, तबेल्यातून हाकलून देतील! ती 'घोडा' जात आहे, विषय संपला. आइसलँडमध्ये बाहेरचा घोडा आणायला बंदी आहे, शेकडो वर्षं. तिथला घोडा एकदा देशाबाहेर गेला, स्पर्धेला का असेना, की परत घरी येऊ शकत नाही. जगज्जेता घोडासुद्धा नाही. त्या हट्टापायी जात टिकली. त्यांची एक चाल आहे, टोल्ट. पाठ हलतच नाही, हातात भरलेला पेला धरून लोक दौडतात. आपल्याकडे रेवाल म्हणतात ती चाल याच घराण्यातली असावी असं मला वाटतं. ठुमकी रेवाल चालते का?

घोडनदीकर
नावावरून ओळखा. ठुमकत दुडकी चालते. कंबर मोडते माणसाची. पण मी तिच्यावर बसत नाही.

बारीवाला
जुन्नरकडचा आहे. इंचाचा बाजार वेगळा आणि आमचा वेगळा. आमच्याकडे शर्यतीत बैलगाड्यापुढे घोडी पळते, तिला उंची काय करायची? बुटकी, चपळ, गर्दीला न बुजणारी पाहिजे. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने शर्यती परत चालू केल्या आणि २०२३ च्या मे मध्ये घटनापीठाने शर्यतींचा कायदा कायम केला, तेव्हापासून आमच्या घाटात (शर्यतीच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो) चांगल्या घोडीला लोक शोधत फिरतायत. भीमथडीचं शिंगरू झालं तर मला कळवा. रोख देतो.

घोडनदीकर
दादा, रागावू नका, पण शिंगरू विकायचं नाही. एकदा विकून बघितलंय.

बारीवाला
राग कशाचा. पण ताई, एक बोलू? कामच राहिलं नाही तर जात राहत नाही. धनगरांच्या मुलांनी टेम्पो घेतले की घोडी सुटली. तुम्ही एक सांभाळाल, मी एक सांभाळीन. बाकीच्या हजारांना कोण सांभाळणार? हौसेवर जात जगत नाही, पोटावर जगते.

खवचट_खानावळ
राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचं नाव येतं. उभं राहून म्हणणाऱ्यांपैकी कितींनी असं तट्टू पाहिलंय, हात वर करा. (माझा खाली आहे.)

वाघरवाला
माझा वर आहे. हिंजवडीत कोड लिहितो, पण दहावीपर्यंत वाड्यावर वाढलोय. मावशी, तुम्ही बिऱ्हाडाची यादी लिहिलीत त्यात एक राहिलं: कुत्र्याची पिल्लं. ती पण घोड्यावरच.

बारीवाला दादा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. टेम्पो आले. पण घाटवाटेला, ओढ्यात, नांगरलेल्या रानात टेम्पो जात नाही. माझ्या मामांच्या वाड्यावर अजून सात घोडी आहेत. त्यांची निवड बाजारासारखी नसते. कुणी इंच मोजत नाही, गोम बघत नाही. तीन गोष्टी बघतात. ओझं बांधताना उभी राहते का. रात्री वाघरेजवळ लांडगा आला तर दावं तोडून पळते का फुरफुरून माणसं उठवते. आणि दुष्काळात कुसळं खाऊन पोट धरते का. ज्या घोड्यात हे नाही तो खच्ची होतो किंवा विकला जातो. कागद नाही, वंशावळ नाही, पण पैदास याला म्हणतात असं मला वाटतं.

आमच्यातल्या घोड्यांशी मामीचं नातं मामांपेक्षा जास्त. मेंढ्या मामांच्या, घोडी मामीची. पहाटे तळ हलतो तेव्हा ती अंधारात नुसत्या हाताने तंग ओढून बांधते आणि पोटाला एक थाप मारते, म्हणजे घोडी फुगवलेला श्वास सोडते. मग परत एक वेढा ओढायचा. घोडी चलाख असते, बांधताना पोट फुगवून ठेवते, सैल राहावं म्हणून.

मामांकडे एक घोडा आहे. सहा वर्षांचा, कुमैत, बावन्न इंच असेल, मोजलेला नाही. विचारू का?

घोडनदीकर
विचारा! आजच विचारा!

नवशिकी_स्वार
काकू, मी पुण्यात कॉलेजला आहे. घोड्यावर बसायला शिकायचंय. कुठून सुरुवात करू? आणि तुम्ही ठुमकीवर का बसत नाही?

घोडनदीकर
बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. शाळेत हेच शिकवायचे. घोड्याला काट्यावर चढवता येत नाही, म्हणून टेप घ्यायची. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. ठुमकीचा घेर १४२, लांबी १३२. म्हणजे २२४ किलो. पाठीवर वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको, म्हणजे ४५ किलो, खोगीर धरून. मी ५८. नात २६ किलोची आहे, ती बसते. मी गुलाबवर. बघा, ज्या संकराला मी नावं ठेवते त्याच्याच पाठीवर माझं घोडेस्वारीचं सगळं सुख आहे.

पहिल्या प्रश्नाचं: जिथे जाशील तिथे आधी विचार, घोड्याला खरारा करायला आणि लीद उचलायला देतात का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. फोटोपुरतं बसवणाऱ्यांकडे नको. डोक्यावर हेल्मेट, पायात टाचेचे बूट, म्हणजे रिकिबीत पाय अडकत नाही. मी पडले तेव्हा पाय अडकला होता, चाळीस फूट फरपटले. आणि लगाम धरून तोल सांभाळू नकोस. ती घोड्याच्या तोंडात टोचते. तोल कंबरेत असतो.

खुरांचा_डॉक्टर
वाघरवाला, मामांचा घोडा आणण्याआधी एक अट. रक्ताचा नमुना घेऊन ग्लँडर्सची तपासणी करून घ्या, हिसारच्या घोड्यांच्या संशोधन केंद्रापर्यंत त्याची सोय आहे. वाडा चार जिल्हे फिरतो, वाटेत कुणाकुणाच्या हौदावर पाणी पितो. हा रोग माणसालाही होतो, आणि निघाला तर घोड्यावर उपचार करत बसायची मुभा नाही, त्याला मारावंच लागतं. सरा (माश्या चावून होणारा रक्ताचा रोग) पण तपासा. मामांना वाईट वाटेल, पण समजावून सांगा.

वाघरवाला
मामांना वाईट नाही वाटलं. म्हणाले, "रक्त काढायला येणाऱ्याला म्हणावं माझ्या मेंढ्यांचंही बघून जा."

वाडा आत्ता मुरबाडच्या बाजूला आहे. मे च्या शेवटी माळशेज चढून वर येतील, मग जुन्नर, नारायणगाव करत तुमच्या अंगाला. डॉक्टर म्हणतात तसे दिवसही तेव्हा मोठे असतात. मामांना पैसे सांगितले, तर नको म्हणाले. मामीने फोन हातातून घेतला. तिचं म्हणणं असं: घोडा आठ दिवस तुमच्याकडे राहील, पण तो एकटा राहत नाही, सोबत त्याची म्हातारी घोडी पण येणार. दोघांना वैरण तुमची. मेंढ्या तुमच्या रानात दोन रात्री बसवायच्या. आणि बाजरी एक पोतं.

आणि विचारतेय, तुमचं रान काळं की मुरमाड? पाऊस लवकर आला तर काळ्या रानात मेंढ्यांचे खूर सडतात.

घोडनदीकर
मामींना सांगा, वरचं रान मुरमाड आहे, पाणी थांबत नाही. दोन रात्री नको, पाच रात्री बसू देत. बाजरी दोन पोती, आणि ती घरची आहे, बाजारची नाही. म्हातारीला हिरवा घास एकदम मोकळा सोडणार नाही, पोटशूळ होतो. कडब्यात कालवून देईन.

वीज रात्री जाते, म्हणून बॅटरी आणायला सांगा. आणि विचारा, कुत्र्यांना भाकरी चालते का नुसतं पीठच कालवून घालतात, म्हणजे तेवढं दळून ठेवते.